रिठ्याचा घोट

दुपारची प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. हे व्रत जुनं, रिठ्याचा धंदा नवा. त्यामुळे टरफलं भिजवणं, उकळणं, गाळणं माझ्याकडे आणि गिऱ्हाइकापुढे जीभ चालवणं धाकट्या दिरांकडे.

"एकानं गप्प बसावं, एकानं विकावं," भावोजी म्हणतात.

त्या सकाळी आम्ही पाळणाघरात गेलो. तिथल्या मोठ्या बाईंना फरशी पुसायला मुलांना न बाधणारं काहीतरी हवं होतं. मी कोपऱ्यात बसून फडकं फिरवलं, तेलकट डाग निघाला. बाईंच्या कपाळावरची आठी मात्र निघेना.

"एखाद्या पोरानं तोंडात घातलं तर?"

"झाडाचंच आहे, बाई. काय होतंय?" भावोजींनी आमच्या बाटलीतून पेल्यात चांगला घोटभर ओतून घेतला आणि पिऊन टाकला.

रिठा डोळ्यात गेला की आग, पोटात गेला की उलट्या. घरी किती वेळा सांगितलं होतं. मी जोरजोरात 'नाही, नाही' अशी मान हलवली.

"वहिनींचं दुपारपर्यंत मौन आहे," भावोजी हसले. "त्याही हेच म्हणतायत, काही होत नाही."

बाईंना पटलं. त्यांनी उघडी बाटली पाण्याच्या पिंपाशेजारी, बुटक्या फळीवर ठेवली आणि सही करायला पेन शोधू लागल्या. बोलावं, तर व्रत मोडणार आणि हातची ऑर्डरही जाणार. मी फडकं पिळत राहिले.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक चिमुरडी पाणी प्यायला आली. पिंपाची तोटी घट्ट होती. तिनं बाटली उचलली. आमच्यामध्ये खुर्च्या, खेळण्यांची पेटी, भावोजी. पेला भरला, ओठांकडे निघाला.

"ठेव तो खाली."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पोर दचकली, पेला फरशीवर सांडला.

"साबण आहे तो, बाळा." मग बाईंकडे वळून मी सगळं सांगितलं. झाडाचा असला तरी कुलपातच ठेवायचा, हेही.

"मग हे प्यायले ते?"

भावोजींनी उत्तरासाठी तोंड उघडलं, त्यावर हात दाबला आणि मोरीकडे धावले.

तिथून येणारे आवाज ऐकत बाईंनी बाटलीला बूच लावलं, माझ्या हातात दिली. "हे सगळं हिच्यावर ठळक लिहून आणा. मग बघू. आणि येताना तुम्ही एकट्याच या, दुपारनंतर."

मी सांडलेलं पुसलं, पोरीचे हात धुतले आणि पुन्हा तोंड मिटलं.

परतताना भावोजी पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "वहिनी, रागावा हवं तर. पण बोला काहीतरी."

दुपार व्हायला अजून अवकाश होता.