शेवटच्या प्रकरणात सगळं कळतं

वाचनालयातल्या वाचकगटाने त्या महिन्यासाठी जी कादंबरी निवडली होती, तिच्यावरून दोन तट पडणार हे ग्रंथपालबाईंना आधीच दिसत होतं. कादंबरी तेव्हा सगळीकडे गाजत होती. एका छोट्या गावातली बेकरीवाली मावशी, तिचं लठ्ठ मांजर आणि गावातल्या खडूस संगीतमास्तरांचा खून. मास्तर दुसऱ्याच पानावर मरतात. मावशी पाव भाजता भाजता गावभर चौकशा करते आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना बेकरीत बोलावून खुनी दाखवून देते. रक्त नाही, शिवीगाळ नाही, डोक्याला ताप नाही.

"मी एका बैठकीत संपवली," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "जेवायला बायकोने हाका मारल्या, उठलो नाही."

"मला तर निम्म्यातच खुनी कळला होता," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधवाला. सगळ्यांच्या मदतीला धावतो, इतकं गोड बोलतो, म्हटल्यावर तोच असणार. लेखकाने जरा डोकं वापरायला हवं होतं."

कॉलेजात शिकणारी एक मुलगी मात्र वैतागली होती. "पण कोणाला काहीच कसं वाटत नाही? मास्तर सकाळी मेले आणि संध्याकाळी सगळे बसून केक खातायत."

"अगं, म्हणून तर वाचायची," पोस्टमास्तर हसले. "रडायला घरचं काय कमी आहे?"

सगळेच हसले आणि मग एकदम गप्प झाले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अक्का बसली होती.

अक्काचं कपडे उसवून-आवळून देण्याचं दुकान होतं. तिचा मोठा भाऊ, दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी कोणीतरी त्याच्या दुकानात शिरून त्याच्या डोक्यात काहीतरी जड घातलं. काही चोरीला गेलं नाही. कोणी सापडलं नाही. या महिन्यात नाही आलात तरी चालेल, असं ग्रंथपालबाईंनी तिला हळूच सुचवूनही पाहिलं होतं.

"मला आवडली," अक्का म्हणाली. "मी तीनदा वाचली."

तिने पुढे सांगितलं, "शेवट आवडला. सगळे एका खोलीत असतात आणि सगळ्यांना एकदमच कळतं. कोणाला मागाहून कळत नाही."

घरी वहिनीने तेच पुस्तक तिसऱ्या पानावर सोडलं होतं. दादा गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. वहिनी पूर्वी खूप वाचायची, म्हणून अक्काने हौसेने पुस्तक तिच्या उशाशी ठेवलं होतं.

"या मास्तरांना बायको नाही, बहीण नाही, कोणी म्हणजे कोणी नाही," वहिनी म्हणाली. "असा माणूस असतो का कुठे? मारायला सोपा जावा म्हणून एकट्यालाच ठेवलाय."

"तू शेवट तरी वाच."

"शेवट वाचून काय करू?" वहिनी म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

दादाच्या प्रकरणात पोलीस ठाण्यावर नवे साहेब आले होते. जुन्या साहेबांना निदान दादाचं दुकान कुठे आहे ते माहीत होतं. नव्या साहेबांनी अक्काला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलता बोलता दादाला दोनदा दुसऱ्याच नावाने संबोधलं. तपास चालू आहे, असं ते म्हणाले. अक्का बाहेर आली तेव्हा तिला स्वच्छ कळलं होतं की तपास बिपास काही चालू नाही. विचारायचं असेल तर आता आपल्यालाच विचारावं लागणार.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिच्या डोक्यात कुसळासारखं सलू लागलं. मदतीला धावणारा, गोड बोलणारा.

दादाच्या दुकानाला लागूनच एक सलून होतं. सलूनवाल्याला सगळे भाऊ म्हणत. त्या संध्याकाळी दादाला पहिल्यांदा पाहिलं ते भाऊंनीच. तेव्हापासून सिलिंडर वर चढवून द्यायला भाऊ, गळका नळ बघायला भाऊ, वहिनीला रक्त तपासायला न्यायचं तरी भाऊच. येताना कधी केळी आणत, कधी नुसतेच दारात उभे राहून "सगळं ठीक ना?" विचारून जात. अक्काला यात आजवर चांगुलपणाच दिसला होता. आता शिवणयंत्रावर बसल्या बसल्या ती एकेक गोष्ट उलटी करून बघायला लागली, आणि उलटी केली की प्रत्येक गोष्ट वेगळीच दिसायची.

एका दुपारी टाके घालता घालता ती उठली आणि सलूनमध्ये गेली. भाऊंना बाजूला घेऊन विचारायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण आत एकाच्या गालाला साबण लागलेला होता, दोघे वर्तमानपत्र घेऊन बसले होते, आणि ते सगळे असे एका खोलीत बसलेले बघून तिला धीर आला.

"भाऊ, त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

भाऊंचा वस्तरा थांबला. "इथेच होतो, अक्का. पोलिसांना सांगितलं होतं ना."

"ही भिंत एवढी पातळ. दादा म्हणायचा, शेजारी गिऱ्हाईक शिंकलं तरी मला कळतं. आणि तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"ड्रायर चालू होता."

"कोणाचे केस करत होतात?"

भाऊंनी खरोखर आठवून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आठवत नाही," ते म्हणाले.

पुस्तकात या ठिकाणी औषधवाल्याचा चेहरा पांढराफटक पडतो आणि तो घडाघडा बोलायला लागतो. भाऊंनी वस्तरा मिटून ठेवला, स्टूल पुसलं आणि म्हणाले, "बसा अक्का. पाणी देतो." खुर्चीतल्या माणसाने मात्र टॉवेल ओढून घेतला, आपणच तोंड पुसलं आणि अर्ध्या दाढीनिशी तो निघून गेला.

पुढचं सगळं अक्काच्या हाताबाहेर होतं. अर्ध्या दाढीचा माणूस गावभर फिरला. नव्या साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सोडलं, कारण धरून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. पण सोडलं हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. बोलावलं होतं, एवढं राहिलं. गळ्याशी वस्तरा लावून घ्यायला माणसं कचरू लागली. एका सकाळी सलूनची काच फुटलेली होती.

वहिनीला हे भाजीवालीकडून कळलं. ती घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि उभीच राहिली.

"त्या माणसाला विचारलंस तू?"

"कोणाला तरी विचारायलाच हवं होतं."

"मी पोचले तेव्हा भाऊंनी तुझ्या दादाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याला हाका मारत होते. तू नव्हतीस तिथे, मी होते." वहिनीचा आवाज चढला नाही. "आपल्याकडे येणारा एकच माणूस उरला होता, अक्का."

अक्का माफी मागायला गेली तेव्हा सलूनमध्ये कोणीच नव्हतं. फुटलेल्या काचेला पुठ्ठा लावलेला होता. भाऊ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही नाही केलं, मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?" भाऊंनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना ते कोणीतरी सांगायला हवं होतं.

अक्काने खाली राहिलेला काचेचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"मी रोज आठवून बघतोय," ते म्हणाले. "आवाज आला होता का. आता वाटतं, आला होता. काहीतरी पडल्यासारखा. पण तो त्या दिवशी आला होता की तुम्ही विचारल्यावर यायला लागला, ते कळत नाही. आला असेल, तर मी ड्रायर बंद करून बघायला हवं होतं. नाही का?"

"असं काही मनात आणू नका भाऊ."

"तुम्हीच आणलंत," ते साधेपणाने म्हणाले. मग म्हणाले, "वहिनींना सांगा, नळाचा वायसर बदलून घ्या. मी इथे नसेन."

पावसाळ्याच्या आधीच ते बायकोच्या माहेरी निघून गेले. जाताना भेटायला आले नाहीत. सलूनच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आलं. दादाचं दुकान अजून बंदच होतं. ते घ्यायला कोणी तयार नव्हतं.

मग अक्का सांगत सुटली. ब्लाउज आवळायला आलेल्या बाईला, शाळेच्या गणवेशाची उंची वाढवून घ्यायला आलेल्या आईला, ज्याला त्याला, मापं घेता घेता. भाऊंनी काही केलेलं नाही. तो देवमाणूस होता. बायका ऐकून घेत. काहींना खरंच वाईट वाटे. आणि मग त्यांच्यातली एखादी, हात वर करून आरशासमोर उभी असलेली, अगदी सहज विचारायची, "मग कोणी केलं हो?"

अक्काच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. ती एकेक काढून कापडाला लावत राहायची. बाई आरशातून तिच्याकडे बघत थांबायची, उत्तराची वाट बघत. शेवटी नजर वळवून, बाही जरा सैलच ठेवा, असं म्हणायची. त्या वळवलेल्या नजरेत, भाऊंवरचा संशय होता तिथेच असायचा.

हळूहळू अक्काने सांगणं सोडून दिलं. घरी वहिनी विचारायची, "आज काय केलंस?" आणि ती कपड्यांबद्दल सांगायची.