नवमीचा डबा

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता शंतनु दास खिदिरपूरच्या दवाखान्यात आला तेव्हा त्याचा डावा तळहात सुजलेला होता. टाक्यांच्या कडेनं लाली पसरली होती आणि मधल्या टाक्याखालून पू येत होता. शंतनु गार्डन रीचला एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर. पत्र्यानं हात कापला म्हणून तो शुक्रवारी आला होता आणि डॉ. ऋता बिवलकरने त्याला तीन टाके घातले होते.

"पाणी लागू दिलंस?"

"नाही, दिदी. म्हणजे... शनिवारी आमच्या क्लबचं विसर्जन होतं."

"म्हणजे गंगेत उतरलास."

"कमरेपर्यंतच. हात वर धरला होता. बराच वेळ धरला होता."

ऋताने मधला टाका काढला, जखम धुतली, पट्टी बांधली, औषधं लिहून दिली आणि त्याला अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं. गंगेचं पाणी हे कारण पुरेसं होतं. पण मोठ्या हॉस्पिटलात सोळा वर्षं काढल्यामुळे तिला एक सवय लागली होती. जखम बिघडली की त्या दिवशी वापरलेल्या हत्यारांच्या बरोबरीचं पुडकं उघडून बघायचं.

शुक्रवारी वाफेच्या यंत्रातून, ऑटोक्लेव्हमधून, चार पुडकी निघाली होती. दोन वापरली गेली, दोन शिल्लक होती. तिनं एक उघडलं. आतली तपासणीची पट्टी नियमाप्रमाणे काळी झाली होती, म्हणजे वाफ नीट पोचली होती. कात्री स्वच्छ. चिमटा स्वच्छ. मग तिनं आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा कात्रीसारखा चिमटा, पूर्ण उघडून खिडकीच्या उजेडात धरला. सांध्यात लाल काहीतरी होतं. खसखशीच्या दाण्याएवढं.

"श्यामकाकू," तिनं हाक मारली.

बंगालीत काकू म्हणजे काका. पुण्याची आत्या यायची तेव्हा पिळदार मिशांच्या माणसाला ऋता काकू म्हणते हे ऐकून तिला हसू आवरायचं नाही. श्यामसुंदर पाल एकोणीसशे सत्त्याऐंशी साली डॉ. मनोहर बिवलकरांकडे कंपाउंडर म्हणून आले. तेव्हा ऋता सहा वर्षांची होती. गेल्या जानेवारीत डॉक्टर गेले, फेब्रुवारीत ऋताने हॉस्पिटल सोडून दवाखाना उघडला, आणि श्यामसुंदर पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे साडेआठला येऊन बेसिनपाशी उभे राहिले. हत्यारं धुणं, पुडकी बांधणं, वाफेला लावणं हे काम अडतीस वर्षं त्यांचंच होतं.

त्यांनी आर्टरी हातात घेतली. जवळ धरली, लांब धरली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा जवळ धरली.

"काय आहे?"

"तुम्हीच सांगा."

"मला काही दिसत नाही."

ऋताला याच उत्तराची भीती होती. तिच्या नवऱ्यानं, मिहीरनं, मार्चमध्येच विचारलं होतं, "अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या नजरेवर किती दिवस चालवणार आहेस?" एक चूक सापडेपर्यंत, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. सांध्यात रक्त असेल तर ती चूक शुक्रवारची एकटी नव्हती. मग किती पुडकी अशी गेली, कोणाकोणाच्या अंगाला लागली, याचा हिशेब लावता येणार नव्हता. आणि बाहेरच्या पाटीवर अजून बाबांचंच नाव होतं.

"लाल आहे," ती म्हणाली. "सांध्यात."

श्यामसुंदरांनी आर्टरी तिच्या हातात परत दिली. मग तिच्या लहानपणच्या हाकेनं म्हणाले, "रक्त असेल तर मी आजच जातो, खुकू. पण कुंकू असू शकेल."

"कुंकू?"

"नवमीला पूजा केली होती मी."

नवमीला ती दवाखान्यात आलीच नव्हती. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून दसराही नाही आणि खंडेनवमीही नाही. तिला ती पूजा चांगली आठवत होती. खिदिरपूरच्या मंडपांतून ढाक वाजत असायचे, रस्त्यावर गर्दी, आणि इथे शटर अर्धं ओढून बाबा पाटावर पांढरं फडकं अंथरायचे. त्यावर कात्र्या, चिमटे, काचेची सिरिंज. ऋता एकेका हत्याराला हळदकुंकू लावायची आणि श्यामसुंदर झेंडूच्या पाकळ्या टाकायचे. फिनेलच्या वासात उदबत्तीचा वास मिसळायचा. तेवढ्यापुरतं तिला त्या हत्यारांना हात लावायला मिळायचा, एरवी तिनं बेसिनकडे फिरकायचंही नाही. वाटायचं, बाबांच्या हातातलं सगळं काम आज आपल्यासमोर मांडलंय.

"आमच्यात वर्षाच्या आत सण करत नाहीत, काकू."

"सण कुठे केला? मिठाईसुद्धा आणली नाही. कामाची पूजा केली. डॉक्टरबाबूंनी पस्तीसएक वर्षं चुकवली नाही, आता आपण चुकवायची?"

कुंकवाची पुडी कपाटात होती. आत्यानं पाठवलेलं, हळदीचं कुंकू; लिंबाच्या रसानं ते पुन्हा पिवळं होतं, रक्त होत नाही. ऋता बाहेर चहाच्या टपरीवर गेली, लेबू चासाठी चिरून ठेवलेलं अर्धं लिंबू मागून आणलं. काडीला कापूस गुंडाळून रसात बुडवला आणि सांध्यात टेकवला. थोड्या वेळानं कापूस काढला तर त्याच्या टोकाला पिवळा डाग होता.

तिला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतल्यासारखं झालं.

"कुंकूच आहे!"

श्यामसुंदर हसले नाहीत. "डॉक्टरबाबू काय म्हणायचे, विसरलीस? सांध्यात काही दिसलं तर ते काय आहे हे नंतर विचारा. आधी, तिथे राहिलं कसं ते विचारा. कुंकू राहतं तिथे रक्तही राहतं."

"बरं, मग विचारते. कामाची हत्यारं पूजेत मांडलीत कशाला?"

"मग कुठली मांडू? डबाच नव्हता."

"कुठला डबा?"

"नवमीचा. निळा, बिस्किटांचा. खालच्या कप्प्यात, मागे."

ऋताला डबा आठवला. ऑगस्टमध्ये तिनं दवाखाना मुळापासून साफ केला होता. पडदे काढले, लाकडी मांडणी हलवली, भिंतीला धुता येईल असा रंग लावला. खालच्या कप्प्यात गंज चढलेला एक डबा निघाला. आत टोक मोडलेली कात्री, ढिला झालेला चिमटा, काचेची सिरिंज, अशा सात-आठ वस्तू. अशी हत्यारं दवाखान्यात ठेवणं बरोबर नाही म्हणून तिनं त्या मोडीत काढल्या होत्या.

"ती भंगारातली होती," ती म्हणाली.

"भंगारातलीच. म्हणून तर पूजेला. कामातून गेलेलं हत्यार डॉक्टरबाबू त्या डब्यात टाकायचे. पूजेतलं कामाला येणार नाही, कामातलं पूजेला जाणार नाही. पहिल्या वर्षीच सांगितलं होतं मला."

"मला कधी नाही सांगितलं."

"तू लहान होतीस. तुला ती खरी, कामाचीच वाटायची. ते म्हणायचे, वाटू दे."

ऋता स्टुलावर बसली. बाहेर ट्राम डेपोच्या बाजूला कोणीतरी बराच वेळ हॉर्न वाजवत होतं.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"तू डबा टाकताना मला विचारलंस? मला वाटलं, शिकलेली मुलगी आहे, हिनं काहीतरी नवीन पद्धत काढली असेल. खऱ्याच हत्यारांची पूजा करत असतील आता."

दोघांनीही दुसऱ्याला माहीत असणार असं धरून चालवलं होतं. बाबा असते तर दोघांनाही बेसिनपाशी उभं केलं असतं.

बाहेर शंतनु बसला होता आणि गंगेवर ठपका ठेवून मोकळा झाला होता. तिनं काही सांगितलं नसतं तरी त्याला कधी कळलं नसतं. ऋताने त्याला आत बोलावलं.

"तुझी जखम नदीच्या पाण्यानं बिघडली असेल किंवा आमच्यामुळे. मला नक्की सांगता येत नाही. शुक्रवारची हत्यारं वाफेतून निघाली होती, पण त्याआधी नीट धुतली गेली नव्हती. पूजेचं कुंकू राहिलं होतं. उद्या ये, परवा ये, बरं होईपर्यंत रोज मी पट्टी बदलीन. पैसे द्यायचे नाहीत."

शंतनुनं आपल्या पट्टीकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या हाताचीपण पूजा झाली?"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"नाही नेत. पण बायकोला सांगतो. तिला वाटतंय सगळं माझ्यामुळेच झालं." दारात थांबून तो म्हणाला, "उद्या दहाला येतो, दिदी."

दुसरं पुडकं सुहासिनी देव यांच्यासाठी वापरलं होतं. पाठीवरचं गळू फोडायला. त्या निवृत्त शिक्षिका, जन्मापासून कलकत्त्यात. ऋताने फोन स्पीकरवर लावला, सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि आजच तपासून जा म्हणाली.

"ताप नाही, ठणका नाही, काही नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पण येते चारला. अगं, तुझ्या बाबांचा पण असाच एकदा फोन आला होता."

"कधी?"

"अठ्ठ्याण्णव साली असेल. मी पायाला टाके घालून घेतले होते. म्हणाले, हत्यारं उकळताना मध्येच वीज गेली होती, श्यामनं पुन्हा पहिल्यापासून उकळायला हवी होती, उकळली नाहीत. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, सांगितलं नसतं तर मला काय कळणार होतं? तर म्हणाले, मला कळलं ना."

ऋताने फोन ठेवला. श्यामसुंदरांनी ते ऐकलं होतं. "खरं आहे," ते म्हणाले. "मी तेव्हाही म्हटलं होतं, आजच जातो. म्हणाले, जाऊ नकोस, परत धू."

"मग मीही तेच म्हणते. डबा मी टाकला, काकू. चूक माझी आहे."

"डबा तू टाकलास." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "सांधा मी पाहिला नाही. आता तुझ्यासमोर पाहिला, तरी दिसला नाही. अठ्ठ्याण्णव साली चूक झाली होती, खुकू. आता डोळे गेलेत. परत धुऊन डोळे येतात का?"

त्यांनी बेसिनवरच्या खिळ्याला अडकवलेला ब्रश काढला आणि तिच्या हातात दिला.

दुपारी दवाखाना बंद ठेवून त्यांनी शिल्लक सगळी पुडकी सोडली. ऋताने जाड हातमोजे चढवले, बाह्या वर केल्या आणि बेसिनशी उभी राहिली. श्यामसुंदर स्टूल ओढून शेजारी बसले. त्यांना हत्यार दिसत नव्हतं, पण ब्रशचा आवाज ऐकू येत होता.

"पाण्याखाली धर, वर नको, शिंतोडे उडतात. सांधा पूर्ण उघड."

"उघडलाय."

"नाही उघडलास. आवाज बारीक येतोय. अजून उघड. हां. आता वीसपर्यंत मोज."

ती मोजू लागली. वीस झाल्यावर थांबली.

"घाईत मोजलंस," ते म्हणाले. "पुन्हा."

लाल ठिपक्याची आर्टरी मात्र तिनं धुतल्यावर पुडक्यात बांधली नाही. टपरीवरून बिस्किटांचा एक रिकामा डबा मागून आणला, या वेळी लाल मिळाला, आणि आर्टरी त्यात एकटीच ठेवली. झाकणावर चिकटपट्टी लावून तिनं मराठीत लिहिलं, 'नवमी. कामाला घेऊ नये.' मग पेन श्यामसुंदरांच्या हातात दिलं. त्यांनी खाली चाचपडत, मोठ्या अक्षरांत, तेच बंगालीत लिहिलं.