भोंग्याची पिन

योगिनीनं अमोनियाची बाटली सेन्सरखाली धरली. डब्यावरचा लाल दिवा लागला. भोंगा मात्र गप्प.

"विनीत सर, भोंग्याची पिन कोणी काढली?"

कोलशेतच्या त्या गाळ्यात गॅसगळती ओळखणारे डबे बनत. आत लिनक्सवर चालणारा बोर्ड. त्याच्या कुठल्या पिनेनं काय काम करायचं, ते योगिनी एका फाईलमध्ये लिहायची. काल तिनं भोंग्याची पिन नीट लिहून ठेवली होती. आज तीच पिन मेमरी कार्डाच्या नावावर! एका पिनेवर एका वेळी एकच काम चालतं, हे काय गाळ्याच्या मालकाला, विनीतला, कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

"मीच काढली," विनीत म्हणाला. "बर्फाच्या कारखान्याला कार्डावर गॅसचा रेकॉर्ड हवाय. दुसरी पिन मोकळी नाही. पुढच्या बोर्डात देऊ भोंगा."

"आणि तोवर गॅस सुटला तर?"

"दिवा आहे ना! अगं, रेकॉर्ड तपासायला सरकारी माणूस येतो. भोंगा कोण तपासतं?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कारखान्यातला माणूस अमोनियाचा कंप्रेसर सांभाळणार, की दिव्याकडे टक लावून बसणार? निर्लज्जपणाची हद्द झाली.

तेवढ्यात डबा न्यायला त्याच कारखान्यातला ऑपरेटर जगन आला. विनीत घाईघाईनं खोकं आणायला वळला. योगिनीनं डबा पुढे ओढला आणि जगनसमोर पुन्हा बाटली धरली.

"बघा जगनदादा. गॅस सुटला की एवढंच होणार. आवाज नाही."

आता हा भडकेल म्हणून ती थांबली. जगन वाकून दिवा न्याहाळत राहिला.

"मस्तय की मॅडम. जुन्याचा तर दिवापण लागत नाय. आम्ही नाकावरच चालवतो."

विनीत हसला. "बघ! उगाच डोकं खातेस."

आता तिला जगनचाही राग आला.

"बसा इथे!" ती ओरडली. लॅपटॉप ओढून तिनं कार्डाची ओळ उडवली, पिन भोंग्याला दिली, बोर्ड बंद करून परत चालू केला.

"योगिनी, रेकॉर्ड नसेल तर ते माल परत पाठवतील! उद्यापासून येऊ नकोस तू!"

"नाही येत."

तिनं बाटली धरली. भोंगा असा केकाटला, की शेजारच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. जगन हातातली पिशवी टाकून केव्हाच दाराबाहेर पळाला होता.

"हां," योगिनी म्हणाली. "आता न्या."