मेल्चोरच्या कयाकवरची बर्फाची पिशवी

मित्रांनो, परसातल्या खिळ्याला लटकलेली, चेन तुटलेली, कडेने उसवलेली ही बर्फाची पिशवी म्हणजे मी. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखंही थोडंफार आहे. ते आधी उरकून घेते, कारण पुढचं सांगताना मला मान वर करता येणार नाही.

मला नेनिताने शिवलं. तिचा नवरा मेल्चोर तेव्हा नुकताच कयाकवरून मासे पकडायला लागला होता. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. तीत इंजिन नाही, छप्पर नाही आणि मोठी पेटी ठेवायला जागाही नाही. पहाटे वल्हवत जायचं आणि ऊन चढल्यावर परतायचं, तोवर मासा मऊ पडायचा. बाजारातल्या बायका त्याला बोट लावून बघायच्या आणि पुढे जायच्या. मग नेनिताने निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचा प्लास्टिकचा फलक उतरवून आणला, त्याच्या दोन थरांत जुन्या गादीचा फोम भरला आणि कयाकच्या नाकात बसेल अशी, पुढे निमुळती होत जाणारी मला शिवली. आतल्या बाजूला त्या बिचाऱ्याचं अर्धं हसू राहून गेलं. त्या हसण्यावर मी किती मासे निजवले, त्याची गणती नाही.

नेनिताचे नियम कडक होते. मासा हाती आला की लगेच कल्ले कापून रक्त काढायचं. फोडलेल्या बर्फात थोडं समुद्राचं पाणी घालून मासा त्यात बुडवायचा, म्हणजे गारवा सगळीकडून लागतो. माझ्यावर ओलं पोतं टाकायचं. आणि मासा आत टाकण्याखेरीज चेन उघडायची नाही म्हणजे नाही.

“आत डोकावून बर्फ वाढत नाही,” असं ती मेल्चोरला दर वेळी बजावायची.

तो हसायचा, पण ऐकायचा. दोन वर्षांत बाजारात बायका विचारू लागल्या, “मेल्चोरचा मासा आला का गं?” मला तर आकाश ठेंगणं झालं. गारवा म्हणजे मी, ताजेपणा म्हणजे मी, असं मला वाटायला लागलं. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्या दिवशी नेनिताच्या आजीचा, लोला ओसांगचा, ऐंशीवा वाढदिवस होता. जेवणाला अख्खी वाडी येणार होती. आमच्याकडे असं जेवण किनिलावशिवाय होत नाही. कच्च्या माशाचे तुकडे, माडीचं व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची. चूल पेटवायचीच नाही. म्हणून सगळी मदार माशावर आणि करणाऱ्या हातावर असते. तो हात मानांग फेलिसाचा. मानांग म्हणजे ताई, आणि फेलिसा सगळ्या वाडीची ताई होती. बारसं असो, लग्न असो, किनिलाव तिनेच करायचं. तिचं पोट त्यावर होतं आणि तिचा मानही.

पहाटे मेल्चोर निघाला. सोबत दुसऱ्या कयाकवर त्याचा मेहुणा बोनिंग होता. सहाच्या सुमारास मेल्चोरच्या गळाला मोठा कुपा लागला. असा मासा की ओढताना कयाक गोल फिरली. कल्ले कापले, रक्त काढलं, मासा माझ्यात आला. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. तिथूनच परत फिरले असते, तर आज मला तुमच्याशी बोलायची वेळच आली नसती.

बोनिंग कयाक जवळ घेऊन म्हणाला, “दाजी, एवढा मासा आणि घसा कोरडा? माझ्याकडे चार बाटल्या आहेत. कोमट आहेत, तेवढं तुझ्या पिशवीत टाक की.”

“नेनिता जीव घेईल माझा.”

“नेनिता आहे का इथे? समुद्र चहाडी करत नाही.”

बाटल्या आत आल्या. मग चेन उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. मग पेल्यात टाकायला बर्फ काढला. माझ्यावरचं ओलं पोतं मेल्चोरने बुडाखाली घेतलं, कारण बैठक टोचत होती. आणखी एक मासा मिळेल म्हणून दोघं थांबून राहिले आणि साडेसातपर्यंत माझ्यातला बर्फ संपला.

मित्रांनो, एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नव्हती. मी गारवा करत नाही. आत जे असेल ते धरून ठेवते, इतकंच मला येतं. बर्फ असला तर गारवा धरते आणि बर्फ नसला, ऊन आत शिरलं, तर तेही तितक्याच निष्ठेने धरते. साडेसातपासून अकरापर्यंत तो कुपा माझ्या पोटात कोमट पाण्यात पडून होता. मी त्याला अगदी काळजीपूर्वक उबेत ठेवलं.

किनाऱ्यापाशी मेल्चोरने हात घातला आणि तो चरकला. “अरे, बर्फ गेला की सगळा!”

“मासा बघ, डोळे कसे चकचकीत,” बोनिंग म्हणाला. “दुकानातून बर्फ घे आणि ओत. कुणाच्या बापाला कळतंय?”

ओतला. घरी पोचेपर्यंत मी पुन्हा काठोकाठ गार होते. मानांग फेलिसाने कुपा बाहेर काढला, डोळे बघितले, कल्ले बघितले, नाकाशी धरला. “राजा मासा आहे रे मेल्चोर,” ती म्हणाली. कुप्याच्या जातीचं हेच वाईट. उबेत राहिला की त्यात जे विष चढतं त्याला वास नसतो, चव नसते, आणि नंतर कितीही बर्फ घाला, ते उतरत नाही.

जेवण सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल. एकेकाचे चेहरे लाल व्हायला लागले, ओठ जळायला लागले, अंगावर गांधी उठल्या. लोला ओसांग छाती धरून खाली बसली. आरोग्य केंद्रातली नर्स धावत आली, तिने म्हातारीला इंजेक्शन दिलं आणि तिथेच विचारलं, “मासा कधीचा? बर्फात होता का?”

मेल्चोरने मला ओढत अंगणात आणलं. “बर्फातच होता सिस्टर! हात घालून बघा ना.”

नर्सने कोपरापर्यंत हात घातला. मी बर्फासारखी होते. माझ्यात त्या घटकेला दोष काढायला जागा नव्हती.

“मग कापल्यावर बाहेर राहिला असेल,” ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना फेलिसाकडे वळल्या. “मी तर लगेच...” ती म्हणाली, मग थांबली. “आलं आणायला आत गेले होते खरी. पण किती वेळ? दोन मिनिटं...” तिचा आवाज बसत गेला. मेल्चोर जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता बोलेल. तो नाही बोलला.

लोला ओसांग संध्याकाळी उठून बसली, बाकीचेही बरे झाले. फेलिसा मात्र त्या दिवसापासून आजारी पडल्यासारखी झाली. पुढच्या लग्नाला शेजारच्या गावातून आचारी आणला. चर्चमध्ये बायका तिच्याशी गोड बोलायच्या आणि तिने पुढे केलेला खाऊ “नंतर खाते हं” म्हणून पिशवीत टाकायच्या. इकडे नेनिताला पहिल्याच संध्याकाळी मला धुताना बिअरची चार बुचं सापडली होती. तिने ती नवऱ्यासमोर ठेवली. मग तिनेच ती उचलून कचऱ्यात टाकली. तीही गप्प राहिली, आणि मीही तिच्याच हातची.

एकविसाव्या दिवशी दुपारी फेलिसा आमच्या दारात आली. हातात केळ्यांचा घड होता. मेल्चोर अंगणात मला घासत होता.

“मेल्चोर,” ती म्हणाली, “तू एवढा सोन्यासारखा मासा आणलास आणि माझ्या हातून नासला. तुझ्या घरचा मंगल दिवस मी घालवला. जमलं तर पोटात घाल बाबा.”

ब्रश त्याच्या हातातून पडला. नेनिता दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, “सांगतोस, का मी सांगू?”

त्याने सांगितलं. बाटल्यांपासून बर्फापर्यंत सगळं, माझ्यावर हात ठेवून, कारण तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. फेलिसा ऐकत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, केळी फेकून मारेल.

“एकवीस दिवस,” ती म्हणाली, “मी माझेच हात हुंगतेय रे. झोपेतून उठून हुंगते. लिंबाने सुरी घासून घासून तिची धार गेली.” मग तिने केळ्यांचा घड खाली ठेवला. “मला एकटीला कशाला सांगतोस? माझं नाव सगळ्यांसमोर गेलंय. सगळ्यांसमोर आणून दे.”

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात मेल्चोरने वाडीसमोर सगळं कबूल केलं. बोनिंग मागच्या मागे सटकायला बघत होता, त्याला नेनिताने शर्टाला धरून उभा केला. लोला ओसांगने हातातला पंखा मेल्चोरच्या डोक्यात घातला. “ऐंशी वर्षं जगले ती तुझी बिअर गार राहावी म्हणून का रे मेल्या?” लोक हसले. मला हसू आलं नाही.

मित्रांनो, मासा पकडलात तर बर्फ भरपूर न्या, पिशवी उघडू नका, आणि बर्फ संपलाच तर तो मासा कुणाच्या पानात वाढू नका. तो पुरून टाका. चूक झाली तर त्याच दिवशी बोला. मला जीभ नाही. मेल्चोरला होती, तरी त्याला एकवीस दिवस लागले.

फेलिसाला आता पुन्हा सगळे बोलावतात, पूर्वीपेक्षा जास्तच मानाने. पण किनिलाव कालवून झालं की ती ते वाढत नाही. पहिला तुकडा स्वतः खाते आणि सगळ्यांसमोर खुर्चीवर हात मांडीत ठेवून अर्धा तास बसून राहते. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. “मानांग, अगं कशाला? आमचा विश्वास आहे,” असं लोक कळवळून म्हणतात. ती जागची हलत नाही. आणि तो अर्धा तास मेल्चोर अंगणाच्या कडेला उभा असतो. कुणी कितीही म्हटलं तरी तो बसत नाही.