मेलेल्या साहेबाची सही

खोपोलीच्या वाटेवरचं गौराबाईचं भाताचं खाचर सरकारनं बंगला बांधायला घेतलं, पण रोख दिडकी दिली नाही. हातात ठेवला सरकारी रोखा. दरसाल कचेरीत जाऊन त्याचं व्याज घ्यायचं, त्यावरच या विधवा बाईचं वर्ष निघायचं. जमीन घेतल्याचा हुकूम आणि हा रोखा, दोन्हींवर एकाच गोऱ्या साहेबाची सही.

औंदा कारकून आबाजीपंतांनी रोखा उलटासुलटा पाहिला आणि ते चुकचुकले.

"बाई, हा साहेब विलायतेत वारला. मेलेल्याच्या सहीला काय किंमत? रोखा बाद झाला. तरी तुमच्याकडे बघून मी तो निम्म्या किमतीत विकत घेतो."

दया बघा मेल्याची! गौराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर धाकटा दीर येसाजी कुजबुजला, "वयनी, निम्मं तर निम्मं. सरकारशी कोन भांडनार?"

"मी भांडनार. तू घरी जा रं, चुलीपाशी बस."

दुसऱ्या दिवशी तिनं बैल जुंपले आणि नांगर थेट बंगल्याच्या आवारात घातला. गुलाबाचा ताटवा नांगराच्या पहिल्याच फेरीत आडवा झाला. खानसामा बोंबलला, शिपाई काठी घेऊन धावला.

"हात तर लाव! माजं रान हाय."

दुपारी मामलेदार स्वतः घोड्यावरून आले, मागे आबाजीपंत.

"बाई, वेड लागलं का? ही जमीन सरकारची. तसा हुकूम आहे."

"त्यावर सही कोनाची?"

"मागच्या साहेबांची."

"त्यो तर मेला! मेल्याच्या सहीला किंमत नाय म्हनत्यात."

मामलेदार तडकले. "साहेब मेला, सरकार मेलं नाही! सही त्यानं सरकारच्या वतीनं केली, स्वतःच्या नव्हे. कोणत्या गाढवानं सांगितलं तुला?"

गौराबाईनं कनवटीचा रोखा काढून त्यांच्यापुढं धरला. "मग ही कोनाच्या वतीनं?"

मामलेदारांनी सही पाहिली. मग वळून पंतांकडे पाहिलं. पंत घोड्याचं खोगीर न्याहाळू लागले.

"जा, व्याज देऊन टाका," मामलेदार पुटपुटले.

"हितं आना," गौराबाई म्हणाली. "तवर नांगर निघायचा नाय."

शेवटी आबाजीपंतच उन्हातून धापा टाकत पैसे घेऊन आले. तिनं ते मोजून घेतले, बैल वळवले.

"पंत, साहेबाचं सुतक त्याच्या घरच्यांनी पाळावं," ती म्हणाली. "माज्या रोख्याला लावू नका."