एप्रिलच्या सभेची सही

माझा नवरा मीटिंगमध्ये बोलत नाही. आमच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा दोन्हीकडची माणसं तावातावाने भांडत होती आणि नवरदेव कोपऱ्यात बसून दुसरी प्लेट पोहे खात होता. बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. प्रताप नगरात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, दिवसभरात वीस-पंचवीस बायकांशी तोंड चालवावं लागतं. पंकज बुटीबोरीच्या कापड कारखान्यात मशीनवर असतो. तिथे सोळा वर्षांत कोणी कोणाचं ऐकलेलं नाही, कारण ऐकूच येत नाही. त्यामुळे गेल्या जुलैमध्ये आमच्या मुलीच्या, रितिकाच्या शाळेत पालक समितीच्या चिठ्ठ्या काढल्या आणि आठवीच्या पालकांमधून ‘पंकज धकाते’ निघाले, तेव्हा मला भर हॉलमध्ये हसू फुटलं.

जानेवारीत मात्र रडायची पाळी आली. शाळेच्या ॲपवर सूचना पडली. जूनपासून सेमी-इंग्रजीचे नववी-दहावीचे वर्ग बंद. मुलांनी संस्थेच्याच सीबीएसई शाळेत जावं, नाहीतर दाखला घेऊन दुसरीकडे. शेवटी एक ओळ होती : ‘पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने बारा डिसेंबरला सकाळी अकरा वाजता झालेल्या सभेत हा प्रस्ताव एकमताने मंजूर केला आहे.’ खाली सोळा नावं. त्यात आठवं नाव माझ्या नवऱ्याचं.

रितिका केजीपासून या शाळेत आहे. आठवी अर्धी संपली, विज्ञानाच्या कुलकर्णी बाईंनी तिला या वर्षी कुठे रुळावर आणलं होतं, आणि आता तिने ऐन नववीत सगळी पुस्तकं बदलायची किंवा भर जूनमध्ये नवी शाळा शोधत फिरायचं. तिने आदळआपट केली नाही. पंकज पाळीवरून आला, हातपाय धुऊन बसला, तेव्हा तिने फोन त्याच्या समोर धरला आणि विचारलं, “पप्पा, तुम्ही होता ना या मीटिंगले? तुम्ही हो म्हटलं?”

पंकजने वाचलं, परत वाचलं. मग म्हणाला, “मी गेलोच नाही गा बेटा कोणत्या मीटिंगले.”

“मग सही?”

त्यावर तो कोरडे हात परत टॉवेलने पुसायला लागला. मी त्याला ओळखते. तो असं काही करायला लागला की समजायचं, काहीतरी आहे.

रितिका आत गेल्यावर खरं काय ते बाहेर पडलं. त्यांच्या कारखान्यात रोज पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरने सगळ्यांना पाच मिनिटं सुरक्षिततेबद्दल सांगायचं आणि प्रत्येकाने रजिस्टरवर सही करायची, असा नियम आहे. पाच मिनिटं कोणाकडेच नसतात. म्हणून सोमवारीच सहा दिवसांच्या सह्या होतात. सोळा वर्षं असंच चाललेलं. जुलैत चिठ्ठी निघाली त्याच दिवशी शाळेचे क्लार्क रुपरावबाबू रजिस्टर घेऊन त्याच्याकडे आले. म्हणाले, “धकातेजी, तुम्हाले बुटीबोरीहून दर महिन्याले येणं कुठं जमते? सह्या करून ठेवा, मीटिंगचं मी पाहून घेतो.” आणि या गृहस्थाने दहा कोऱ्या पानांवर दहा सह्या केल्या. वर त्यांना धन्यवादही दिले.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढं सांगते.

माझे सासरे नानाजी पलंगावर बसून ऐकत होते. उमरेडला त्यांनी तीस वर्षं हातमागावर काम केलं. ते मला कधी मध्येच तोडत नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, “कोऱ्यावर काहून केली गा?”

“रिवाज आहे बाबा, कंपनीत…”

“आम्ही व्यापाऱ्याच्या दुकानात कापडाचं थान घेऊन जावो, तर तो वरची घडी पाहून कधी घेत नव्हता. पूरं उलगडत होता. मले राग येत होता तेव्हा. आता समजून राहिलं, काहून उलगडत होता ते.” एवढं बोलून ते आडवे झाले.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर आगडोंब उसळला होता. ‘धकाते साहेब, किती मिळाले?’ असा मेसेज आला, त्याखाली हसणारी चोवीस तोंडं. मीच पंकजचा फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी ग्रुपचा ॲडमिन दुर्गेश माझ्या दुकानात आला. प्लॉट विकण्याचा त्याचा धंदा आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे तोडगा असतो. म्हणाला, “वहिनी, सोपं आहे. शनिवारी सभा बोलावली ना त्यांनी, तिथं पंकजभाऊनं फक्त उभं राहायचं अन् म्हणायचं, ही सही माझी नाही. खोटी सही म्हटलं का पोलीस केस. तो रुपराव लटकते, निर्णय आपोआप रद्द. विषय संपला.”

मला हे पटलं. खरंच सांगते, पूर्ण पटलं. रात्री जेवताना मी पंकजला सांगितलं, “तीन शब्द बोलायचे आहेत तुम्हाला. सही माझी नाही. जमेल ना?”

“पण माझीच आहे ना वं.”

“मग काय झालं? त्यांनी खोटी सभा दाखवली, आपण खोटी सही म्हणू.”

“अन् रुपराव? दोन वर्षं राहिले त्याच्या रिटायरमेंटले. त्यानं मनानं थोडी केलं असन? सांगणारे वेगळे आहेत.”

“मग तुम्ही रुपरावांच्या पेन्शनीची काळजी करा, मी पोरीसाठी शाळा शोधते,” असं म्हणून मी ताट उचललं. शुक्रवारी तो पाळीवरून तासभर उशिरा आला आणि शर्टाच्या खिशातला एक घडी केलेला कागद देवाजवळ ठेवून झोपला. मी विचारलं नाही, मला अजून राग होता.

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला. स्टेजवर प्राचार्या मॅडम आणि संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष वर्षातून दोनदा येतात, झेंडावंदनाला आणि स्नेहसंमेलनाला. मॅडमसमोर लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर. मॅडम गोड बोलल्या. “पालकांनो, निर्णय आम्ही घेतलेला नाही. तुमच्याच समितीने घेतला आहे, तुमच्याच प्रतिनिधींच्या सह्यांनी. आम्ही फक्त अंमलबजावणी करतो आहोत.” कोणीतरी ओरडलं, “इतिवृत्त दाखवा!” मॅडमनी रजिस्टर उचलून लांबून दाखवलं आणि परत खाली ठेवलं. “इतिवृत्त गोपनीय असतं.”

दुर्गेशने मागून पंकजला ढोसलं. पंकज उठला. त्याचा शर्ट ओढून मी परत सांगितलं, “तीन शब्द.” माझ्या दुसऱ्या बाजूला रितिका बसली होती, नखं खात.

त्याने माईक हातात घेतला. “मी पंकज धकाते. आठवीचा प्रतिनिधी. बारा डिसेंबरच्या सभेत माझी सही आहे. ते माझीच आहे.”

हॉलमध्ये जो कल्ला झाला! ‘बिका हुआ है’ पासून ‘बसा खाली’ पर्यंत सगळं कानावर आलं. दुर्गेशने कपाळाला हात लावला. माझी मान खाली गेली. वाटलं, पोरीला घेऊन मागच्या दाराने निघून जावं.

पंकज हलला नाही. माईक छातीशी धरून नुसता उभा राहिला. मिनिट गेलं, दोन गेली. लोक ओरडून दमले. मग तो म्हणाला, “सोळा वर्षं लूमजवळ उभा आहो. आवाज बंद होईपर्यंत थांबता येते मले.” पुढच्या रांगेतलं कोणीतरी हसलं आणि हॉल गप्प झाला.

“बारा डिसेंबरले सकाळी अकराले सभा झाली, असं लिहिलं आहे. त्या दिवशी मी पहिल्या पाळीत होतो. सहाले आत, दोनले बाहेर. गेटच्या मशीनीवर माझा अंगठा आहे.” त्याने खिशातला कागद काढून उलगडला. कारखान्याच्या शिक्क्याची हजेरी. “मग सही कधी केली? जुलैत केली. कोऱ्या पानावर केली. हे माझी चूक आहे, मोठी चूक आहे, अन् मी ते सगळ्यांसमोर कबूल करून राहिलो. पण मी एकच सही नाही केली. मॅडम, रजिस्टर द्या. दाखवतो.”

मॅडम ताठ झाल्या. “रजिस्टर ही शाळेची मालमत्ता आहे.”

“मालमत्ता तुमची, सही माझी. माझी सही मले पाहू द्या.”

मॅडम नाही म्हणणार, एवढ्यात अध्यक्षांनीच हात हलवला. “द्या ना, द्या. आपल्याला काय लपवायचं आहे?” बिचाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं. मॅडमचा चेहरा मी पाहिला. त्यांना माहीत होतं.

पंकज स्टेजवर गेला. मला वाटलं, तो डिसेंबरचं पान काढेल. त्याने ते पाहिलंसुद्धा नाही. पुढची पानं उलटली, एक पान शोधून काढलं आणि रजिस्टर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं.

“हे पान पाहा. वर पेन्सिलीनं एप्रिल लिहिलं आहे. तारीख कोरी. विषय कोरा. ठराव कोरा. खाली सोळा सह्या, आठवी माझी. आज जानेवारी चालू आहे. एप्रिलची सभा व्हायची आहे, पण आम्ही सोळाही जण तिथं हजर होतो, अन् जे काही ठरन ते आम्हाले एकमतानं मंजूर आहे.”

चारशे माणसं माना उंचावून त्या पानाकडे बघत होती.

मग तिसऱ्या रांगेतून शोभाताई उठल्या. त्या सहावीच्या प्रतिनिधी, धरमपेठेत एका दवाखान्यात नर्स आहेत. “माझ्या पण,” त्या म्हणाल्या. “मीही एकाच दिवशी केल्या. इतके दिवस लाजून बोलली नाही.” त्यांच्यामागून एक उठला, मग दोघं एकदम. सोळापैकी अकरा जण उभे राहिले. भांडायला आलेला हॉल टाळ्या वाजवायला लागला, आणि रितिकाने नखं खाणं सोडून दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. मी तिला दटावलं नाही. मला स्वतःला येत असती तर मीही मारली असती. एवढा अभिमान मला माझ्या नवऱ्याचा कधी वाटला नव्हता, आणि त्याला खोटं बोलायला लावत होते याची लाजही तेवढीच वाटली. दोन्ही एकदम.

अध्यक्ष लाल झाले होते. “या सह्या घेतल्या कोणी?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. रुपरावबाबू तिथे किल्ल्यांचा जुडगा धरून उभे होते, तोंड पांढरंफटक.

“रजिस्टर समोर ठेवणारा नोकर माणूस आहे साहेब,” पंकज म्हणाला. “ठेवायले कोणी सांगितलं, ते तुमच्या बाजूच्या खुर्चीले विचारा.”

मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

त्यानंतर अध्यक्ष झपाझप बोलले. डिसेंबरचा ठराव रद्द. सेमीचे वर्ग सुरू राहतील. सह्या कशा घेतल्या गेल्या याची चौकशी होईल. यापुढे प्रत्येक सभेचं इतिवृत्त आठ दिवसांत सूचना फलकावर लागेल. लोक उठायला लागले, तर पंकज अजून माईक सोडेना. “मी आजपासून समितीत नाही. जो न वाचता सही करते, त्यानं तिथं बसू नये. आठवीचा नवा माणूस आताच निवडा, सगळ्यांसमोर.”

रुपरावबाबू चिठ्ठ्यांचा डबा घेऊन आठवीच्या पालकांमध्ये फिरले. ज्याला समितीत यायचं त्याने नाव टाकायचं, मग चिठ्ठी काढायची. तर ग्रुपवरचे सगळे वाघ मोबाईलमध्ये तोंड घालून बसले. चोवीस हसणाऱ्या तोंडांपैकी एकही वर होईना. दुर्गेशला नेमका त्याच वेळी फोन आला. डबा माझ्यासमोर आला तेव्हा रिकामा होता. मी पर्समधून दुकानाचं पावती पुस्तक काढलं, एक पावती फाडली आणि मागच्या बाजूला नाव लिहून टाकली. डब्यात एकच चिठ्ठी निघाली. अध्यक्षांनी ती वाचली : अंजू पंकज धकाते.

पंकजने स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

हॉल रिकामा झाल्यावर रुपरावबाबू रजिस्टर घेऊन आले. आजच्या सभेचं पान उघडून त्यांनी सवयीने खाली बोट ठेवलं. “इथं करा वहिनी.” मी वर पाहिलं. लिहिलं होतं, ‘सेमी-इंग्रजी वर्गांच्या विषयावर चर्चा झाली.’ एवढंच.

“चर्चा झाली खरी, पण ठरलं काय ते कुठे आहे?” मी म्हणाले. “वर्ग सुरू राहतील, हे अध्यक्ष बोलले ना? ते लिहा. चौकशीचं लिहा. फलकाचं लिहा.”

“उद्या सावकाश लिहून काढतो ना.”

“लिहा. मी बसली आहे.”

मी पुढच्या रांगेत बसले. एका बाजूला पंकज, दुसऱ्या बाजूला रितिका. त्याची दुसरी पाळी होती, आज चुकणार होती. रुपरावबाबू स्टेजच्या पायरीवर बसून सावकाश लिहीत होते. रितिकाने विचारलं, “मम्मी, अजून किती वेळ?”

“लिहून होऊ दे बेटा,” पंकज तिला म्हणाला. “मग तू मोठ्यानं वाच. नंतर मम्मी सही करन.”