बरं हाय म्हणायचं न्हाय

निसार शिकलगाराला ऑपरेशनच्या टेबलावरनं दुसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा अंगावरचा हिरवा झगा तसाच ठेवून तो दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजवा साखरेनं अधू केलेला. डोळ्याला हात लावायचा तर रक्तदाब एकशे साठच्या आत हवा, आणि निसारचा दाब टेबल दिसलं की एकशे नव्वदवर उडी मारायचा. गोळ्या वाढवून झाल्या होत्या.

"चाचा, हा गोळीचा विषय राहिला न्हाय," डॉक्टर म्हणाले. "मनात कायतरी बसलंय तुमच्या. ते काढून महिन्यानं या."

मनातलं म्हणजे काय किडकी दाढ आहे, उपटली आणि दिली, असं निसारच्या ओठावर आलं होतं. पण तो म्हणाला, "बरं हाय." कुणी काहीही विचारलं तरी त्याचं हेच उत्तर असायचं.

मंडईमागं त्याचं धार लावायचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. शिकलगार अंगठ्यानं धार ओळखतो, असं लोक म्हणतात. साफ खोटं. धार डोळ्यानं ओळखायची असते. पातं उजेडात उभं धरलं की बोथट जागा चमकते. तिखट धार दिसतच नाही. चमक गेली की काम झालं. गेलं वर्षभर निसारची कामं फार लवकर उरकत होती, आणि हात बसला म्हणून तो मनात थोडा फुशारतही होता.

भीती होती ती निराळीच. त्याचे अब्बा शेवटची अकरा वर्षं आंधळे होऊन दुकानाच्या पायरीवर बसले होते. गिऱ्हाईक आलं की आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवायचे आणि उगाच हसायचे. ते हसू निसारला अजून आठवायचं, आणि टेबलावर आडवं केलं की हमखास आठवायचं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात बायकोला, हुसेनबीलाही नाही.

दवाखान्यानं त्याला मोबाइलवरच्या एका वर्गात घातलं. साखर, दाब, किडनी असली दुखणी घेऊन बसलेल्या मुसलमान बाप्यांच्या मनावरचा ताण उतरवायचा वर्ग. आठवड्यातनं दोनदा. चालवणारी अनुजा मूळची शाहूवाडीची, समुपदेशक. तिच्या संस्थेनं डोकं बरंच चालवलं होतं. शुक्रवारचा वर्ग जुम्म्याची नमाज सोडून, गाणंबजावणं नाही, बायकांची गर्दी नाही. आणि मुसलमान म्हटल्यावर उर्दू तर आलीच. डोळे मिटायला सांगून एक भारदस्त लखनवी आवाज लावायचे. तो आवाज कुठल्या दरीत, कुठल्या झऱ्याकाठी घेऊन जायचा, अल्ला जाणे. मोबाइलच्या आठ चौकोनांत आठ बाप्ये डोळे मिटून बसायचे, त्यातला एक घोरायचा.

"कसं वाटलं?" अनुजा एकेकाला विचारायची.

"बरं हाय." आठही चौकोनांतनं तेच.

दुसऱ्या आठवड्याला चौकोन पाच उरले. निसारलाही सोडून द्यावंसं वाटलं, पण तारीख डोक्यावर होती. सोडून जायचं कुठं? तो आवाज पुन्हा सुरू झाला, तसा त्यानं माइक चालू केला.

"बाई, थांबवा त्यास्नी. आमी घरात आमची मोडकीतोडकी बोली बोलतो, भाईर मराठी. ह्यो मानूस काय म्हंतोय ते आमच्या इमामांनाबी कळायचं न्हाय."

"मला पण न्हाय कळत चाचा," मुरगूडचा शाहबाज बोलला. बेकरीवाला पोरगा, छत्तिशीत किडन्या सुजलेल्या. "लाजंनं बोललो न्हाय."

अनुजाचा चेहरा उतरला. पण बाई गुणाची. तिनं तो आवाज बंद केला आणि विचारलं, "मग तुम्हीच सांगा. अंग आणि डोकं एकदम हलकं झालेलं तुम्हाला शेवटचं कधी आठवतंय?"

निसारला विचार करावा लागला नाही. "तालमीत."

विसाव्या वर्षापर्यंत तो कुस्ती धरायचा. पहाटे हजार बैठका झाल्या की पिराजी वस्ताद पोरांना मातीच्या हौद्यात आडवं करायचे. घामेजल्या अंगावर मूठमूठ लाल माती टाकायचे. हिंदूचं पोर, मुसलमानाचं पोर, माती सगळ्यांवर सारखीच. मग वस्ताद म्हणायचे, "आता जड काय आसंल ते मातीला द्या. ती न्हाय म्हनत न्हाय." नाकानं दम घ्यायचा, मनात दहापर्यंत मोजत सोडायचा, घाम सुकेपर्यंत हलायचं नाही.

चौकोनांत माना हलल्या. पाचांतल्या चौघांनी कधी ना कधी माती अंगाला लावली होती. कोल्हापूरच्या बाप्यांना दरी कशाला दाखवायची?

"हेच करूया," अनुजा म्हणाली. "तुमच्या आवाजात. आणि एक नियम माझा. वर्गात बरं हाय म्हणायचं नाही. जड काय आहे ते सांगायचं."

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज करून निसार जुन्या तालमीत गेला. पोरं आता मॅटवर खेळत होती, पण हौदा होता. साखरेच्या माणसानं अनवाणी फिरू नये म्हणून अनुजानं मोजे घालायला लावले होते. पन्नाशी ओलांडलेला पैलवान मोजे घालून मातीत झोपला, तशी पोरं फिदीफिदी हसली. हसेनात का. त्यानं छातीवर मोबाइल ठेवला, वस्तादांचे शब्द आठवतील तसे बोलला आणि ते रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर पाठवून दिलं. पुढचे अठरा दिवस त्यानं एकही सकाळ चुकवली नाही. शाहबाज बेकरीमागच्या परड्यात पोतं अंथरून ते ऐकत पडायचा.

वर्गात शाहबाजनंच आधी तोंड उघडलं. "पोरगी तीन वर्साची हाय. तिच्या शाळंपतूर मी ऱ्हातोय का न्हाय, ह्याचं भ्या वाटतंय." मग निसारनं अब्बांचं हसू सांगितलं. सांगताना आवाज कापला आणि त्यानं तो कापू दिला. भिंतीपलीकडं हुसेनबी भाकरी थापत होती. तिचा हात थांबलेला त्याला ऐकू आला.

तारीख उजाडली. हिरवा झगा, तोच बाकडा. नर्सनं दंडाला दाबाचा पट्टा गुंडाळला. एकशे चौऱ्याऐंशी.

"मामा, पुढची तारीख घ्यावी लागंल."

"घेनार न्हाय," निसार म्हणाला. "धा मिनटं द्या. मग काय ते ठरवा."

तो तिथंच बाकड्यावर आडवा झाला. माती नव्हती, फिनेलचा वास होता. अब्बा आले, पायरीवर बसले, हसले. या खेपेला निसारनं त्यांना घालवलं नाही. मला तुमच्यागत व्हायचं न्हाय, अब्बा, आणि त्याचं लई भ्या वाटतंय, असं त्यानं मनात स्पष्ट सांगितलं. मग दहा आकडे मोजत दम सोडला. परत घेतला, परत सोडला. नर्सनं पुन्हा पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, आणि खात्री करायला तिसऱ्यांदा गुंडाळला. एकशे बावन्न.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. घरी आल्यावर निसार पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. खिडकीतनं ऊन येत होतं आणि हुसेनबी विळीवर कांदा चिरत होती. विळीच्या पात्याची धार या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकत होती.

तो तिथंच उभा राहिला. ही धार त्यानंच लावली होती, रमजानच्या आधी. चमक नाही म्हणून खूश होऊन. म्हणजे वर्षभर चमक गेली नव्हती, डोळा गेला होता. कात्र्या, सुऱ्या, कोयते, सगळं त्यानं असंच बोथट परत दिलं होतं. आणि बोथट म्हणून एकानंही तोंडावर मारलं नव्हतं. ती माणसं पुन्हा त्याच्याकडंच येत राहिली होती. त्याला भरून आलं.

"ही कवापास्नं आशी हाय?" त्यानं विचारलं.

हुसेनबीनं वर बघितलं नाही. "बरं हाय की. कापतंय."

"आमच्या वर्गात हे चालत न्हाय."

तिनं कांदा खाली ठेवला. बोटं पुढं केली. अंगठ्याखाली घट्टा पडला होता, तिथं जुने दोन काप होते. "वरीस झालं," ती म्हणाली. "तुमास्नी सांगिटलं आसतं तर तुमी खचला आसता. मलाबी भ्या वाटत हुतं."

निसार तिच्यासमोर खाली बसला, ती बोटं त्यानं आपल्या नव्या डोळ्याजवळ धरून नीट बघितली, आणि मग विळी उचलून दुकानाकडं निघाला.